नऊ तासांचा हिशेब

कुणीतरी म्हटलंय की ज्यू धर्मात सगळा नियमांचा कारभार, मनाच्या तयारीची भानगडच नाही. हे काही पटलं नाही बुवा. मिश्नात (ज्यू धर्मनियमांचं इ.स. २०० च्या आसपासचं संकलन) सरळ लिहिलंय की जुने भक्त प्रार्थनेआधी तासभर नुसते थांबायचे, मन देवाकडे लागावं म्हणून, आणि एकदा सुरू केली की राजाने नमस्कार केला तरी उत्तर द्यायचं नाही, टाचेला सापाने वेटोळं घातलं तरी मधे थांबायचं नाही!! पुढे तालमुदात (मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ) याचा हिशेब लावलाय, तासभर आधी, तासभर प्रार्थना, तासभर नंतर, असं दिवसातून तीनदा म्हणजे झाले की नऊ तास, मग अभ्यास कधी करायचा आणि पोटापाण्याचं काय, हा प्रश्नही तिथेच विचारलाय (मला हाच भाग जाम आवडतो). या एकाग्रतेला कव्हाना म्हणतात.

आणि योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास तर फार नंतर येतो हो, त्याआधी ज्यू पंचांगातला अख्खा एलुल महिना तयारीचाच, बऱ्याच ठिकाणी शनिवार सोडून रोज सकाळी शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य फुंकतात. त्यात पुन्हा मिश्नाची अट अशी की दुसऱ्या माणसाचं वाईट केलं असेल तर आधी त्याची समजूत काढायची, नुसत्या उपासाने ते फिटत नाही. मध्ययुगातला ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस म्हणतो पहिल्यांदा नाही ऐकलं तर तीन मित्र घेऊन जा, तरी नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जा. आपल्याला एकदा सॉरी म्हणतानाच जीव जातो.