चेस काउंटी, कॅन्सस: आईबाबांना घेऊन एका दिवसात काय जमेल?

प्रश्न (ओपीकर):
मंडळी, आईबाबा भारतातून आलेत. ओव्हरलँड पार्कहून सकाळी निघून रात्री परत, असा बेत आहे. कॉटनवुड फॉल्सचं कोर्टहाउस, टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह (उंच गवताचं राखीव माळरान) आणि वाटेतली छोटी गावं बघायची आहेत. दोघंही शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात. एप्रिल बरा की ऑक्टोबर? शनिवारी गेलं तर चालेल?

गवताळ:
शनिवार नको, कामाचा वार घ्या. १८७३ चं कोर्टहाउस आजही चालू कचेरी आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी फक्त लाल मॅन्सार्ड (दुहेरी उताराचं) छप्पर आणि घड्याळाचा मनोरा बाहेरून बघून परतावं लागू शकतं. खरी चीज आत आहे: काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा गोल वळत वर जाणारा जिना. बाबा चढले नाहीत तरी तळाशी उभं राहून वर बघता येतो.

जाताना यूएस-५६ महामार्गाने आधी कौन्सिल ग्रोव्हला जा. हे गाव शेजारच्या मॉरिस काउंटीत येतं, पण ते वगळू नका. सांता फे ट्रेल या जुन्या व्यापारी वाटेवरून पश्चिमेला निघालेल्या गाड्या इथे शेवटचं सामान भरत. १८५७ चं 'लास्ट चान्स स्टोअर' अजून उभं आहे. १८५१ च्या कॉ मिशनमध्ये कॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या मुलांची निवासी शाळा होती. चेसचं कोर्टहाउस पुरं झालं त्याच १८७३ साली कॉ लोकांना इथून हलवून आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. हे आईबाबांना आवर्जून सांगा, नाहीतर नुसती दगडी घरं बघितल्यासारखं होतं.

तिथून के-१७७ रस्त्याने दक्षिणेला साधारण वीस मैलांवर प्रिझर्व्ह. प्रवेश फुकट. १८८१ च्या स्प्रिंग हिल रँचचं तीन मजली चुनखडीचं कोठार निवांत बघा. मातीचा उतार थेट वरच्या मजल्याला भिडवलाय, म्हणजे भरलेली गाडी घोड्यांसकट आत जायची. हे सगळं आवारातच आहे, बाबांना फार चालावं लागणार नाही. १८८० च्या दशकातली एका खोलीची लोअर फॉक्स क्रीक शाळा टेकडीवर आहे. आतून ठरावीक वेळीच उघडते, आधी विचारून घ्या.

टायरवाला:
परतीला स्ट्राँग सिटीहून यूएस-५० ने एम्पोरिया, मग आय-३५. पूर्ण वाट टोलशिवाय होते.

दक्षिणेला मॅटफील्ड ग्रीन गावापर्यंत उतरणार असाल तर एक घोळ टाळा. टर्नपाइकवर (एम्पोरियाच्या दक्षिणेचा आय-३५ चा टोलचा भाग) 'मॅटफील्ड ग्रीन' अशी पाटी दिसते, पण तो फक्त थांबा आहे, गावात उतरायला वाट नाही. कॅसोडे (एक्झिट ९२) ते एम्पोरिया (१२७) या पट्ट्यात गाडी बाहेर काढताच येत नाही. गावात जायचं तर के-१७७ च धरा. टोल आता रोख घेत नाहीत, नंबरप्लेटवरून बिल घरी येतं.

याच काउंटीतल्या क्लेमेंट्स गावाजवळचा जुना दगडी कमानी पूलही बघण्यासारखा आहे. त्यावर गाड्या बंद आहेत, पायी जायचं. मात्र आतल्या खडीच्या रस्त्यांवर गारगोटीचे धारदार तुकडे असतात, टायर कापतात. स्टेपनीत हवा आहे ना, ते घरूनच बघून निघा. पाऊस झाला असेल तर ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालू नका. मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

ओपीकर:
आभार. ऋतूचं आणि जेवणाचं?

गवताळ:
ऑक्टोबर. बिग ब्लूस्टेम हे इथलं उंच गवत तेव्हा माणसाच्या उंचीचं, तांबूस झालेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये रान जाळतात. न जाळल्यास सीडरची झाडं गवत खाऊन टाकतात. काळ्या जमिनीवर काही दिवसांत हिरवं फुटतं आणि बायसन (अमेरिकी रानगवे) तिथे चरायला येतात, तेही सुंदर दिसतं, पण धूर रस्त्यावर आला तर पुढचं काही दिसत नाही. दमा असेल तर एप्रिल नकोच.

बायसनपासून किमान १०० यार्ड लांब राहा. शेपटी उभी झाली की मागे फिरा. बायसनच्या कुरणात कुत्रा चालत नाही. उन्हाळ्यात चिगर नावाचे बारीक किडे चावतात, म्हणून पूर्ण पँट, पायमोजे वर ओढून.

जेवण घरूनच न्या. दशमी-चटणी, दहीभात चालेल. काउंटीत शाकाहारी हॉटेलाच्या भरवशावर राहू नका. पाणी भरपूर घ्या, कुरणातल्या वाटांवर सावली नाही. पेट्रोल कौन्सिल ग्रोव्हला भरून घ्या.