अनुभव धागा: स्लिम, दणकट आणि घट्ट चुंबकाचं मोबाइल कव्हर

चाकरमानी
मंडळी, विषय मोबाइलच्या कव्हरचा आहे, हसू नका. फोन लाखाच्या घरातला आणि कव्हर दोनशेचं घ्यावं की तीन हजारांचं, यावर आमच्या घरात वाद पेटलाय.

ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ आला तेव्हापासून बहुतेक आयफोनच्या पाठीत चुंबकांचं गोल कडं असतं. चार्जर, पाकीट, गाडीतला होल्डर, सगळं त्याला चिकटतं. पुढे वायरलेस चार्जिंगचं ‘ची टू’ (Qi2) स्टँडर्ड आलं, ते याच कल्पनेवर. गूगलच्या पिक्सेल १० मध्येही कडं आतच बसवलेलं आहे. पण मध्ये कव्हर आलं की पकड ढिली होते. माझं मागे लावायचं पाकीट दादरला उतरताना गर्दीत निघून हातात आलं, नशिबाने रुळांवर गेलं नाही. मला कव्हर बारीक हवंय, फोन पडला तर वाचला पाहिजे आणि चुंबक घट्ट हवं. या तिन्ही गोष्टी एकत्र कुणाला मिळाल्यात का? लिंका नकोत, वापरून काय दिसलं ते लिहा.

तपकीर गल्लीचा भक्त
पहिली गोष्ट, पाठीवर पांढरं कडं दिसलं म्हणजे आत चुंबक असतंच असं नाही. कित्येक पारदर्शक कव्हरांवर ते नुसतं छापलेलं असतं. दुकानदार कव्हर तुमच्या फोनला चढवतो, वर चार्जर लावतो आणि म्हणतो, “बघा साहेब, चिकटलं!” अहो, ते फोनच्या चुंबकाला चिकटलं. कव्हर फोनवेगळं करा, मोकळं हातात धरा आणि कड्याला यू पिन लावा. पिन खाली पडली तर कव्हर ठेवून चालू लागा. खऱ्या कड्यात लहान लहान तुकडे एकाला एक लावून बसवलेले असतात. बोटाने चाचपलं तर काही कव्हरांना आतून हलका उंचवटाही लागतो.

चाकरमानी
हे भारी आहे. पिन पर्समध्ये टाकली.

घर्षण
पॉलिटेक्निकला शिकवतो, म्हणून थोडं मास्तरकीचं लिहितो. जाहिरातीत ‘इतके किलो उचलतं’ असं जे सांगतात, तो जोर सरळ ओढण्याचा असतो. उभ्या होल्डरवरून फोन पडतो तो खाली घसरून, आणि घसरवायला त्याहून बराच कमी जोर पुरतो. तिथे चुंबकाइतकंच घर्षण कामाला येतं. गुळगुळीत चकचकीत पाठ असेल तर चुंबक दमदार असूनही फोन सरकतो, मॅट किंवा रबरी पाठ धरून ठेवते. दुसरं म्हणजे अंतर. चुंबक कव्हरच्या बाहेरच्या बाजूला जितकं जवळ तितकी पकड जास्त, एखाद्या मिलिमीटरने सुद्धा हाताला फरक कळतो. म्हणून साध्या जाड कव्हरपेक्षा चुंबक असलेलं जाड कव्हरही चांगलं धरतं, कारण फोनच्या आणि होल्डरच्या चुंबकामध्ये तिसरं चुंबक दुवा म्हणून बसतं. दुकानात फोनला पॉवर बँक लावा, फोन उभा धरा आणि पॉवर बँक अंगठ्याने खाली ढकलून बघा. नुसती ओढून बघू नका.

संत्रानगरी
गाडीत रोज वापरतो, नागपूर–वर्धा. खड्ड्यांचं म्हणाल तर चुंबकवाल्या कव्हरने आजवर दगा दिलेला नाही. खरा वैरी मे महिना. डॅशबोर्डवर वायरलेस चार्जिंगला लावला की फोन तापतो आणि चार्जिंग थांबवतो. मी होल्डर एसीच्या जाळीवर हलवला, थंड हवा थेट पाठीवर लागते, तेव्हापासून बरं आहे. जाड रबरी कव्हर उष्णता कोंडतं, पातळ त्या मानाने बरं.

आणि बुलेटवाल्यांनो, चुंबकावर भरवसा ठेवून फोन हँडलला लावू नका. पडण्याचं सोडाच, मोठ्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, हे ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय.

रंकाळा
माझं मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान आहे, पण इथे काही विकत नाही. गिऱ्हाईक ‘स्लिम’ म्हणतं तेव्हा त्याला अरामिड फायबरचं, म्हणजे चिवट कृत्रिम धाग्याचं, दाखवतो. जेमतेम एक मिलिमीटर जाड, हातात आहे की नाही कळत नाही. दिसायला कार्बन फायबरसारखं, पण कार्बनमधून वीज वाहते म्हणून त्याने सिग्नलला अडथळा होऊ शकतो, अरामिडने तसं होत नाही. चुंबक बाहेरच्या अंगाला अगदी जवळ असल्यामुळे पकडही छान. मग अडचण काय? ते ओरखड्यापासून वाचवतं, आपटण्यापासून फारसं नाही. बहुतेकांच्या कडा उघड्याच असतात, आणि फोन पडतो तो नेमका कोपऱ्यावर.

मला विचाराल तर पाठ पॉलिकार्बोनेटच्या कडक प्लास्टिकची, कडा टीपीयू या मऊ, रबरासारख्या प्लास्टिकच्या आणि कोपरे किंचित फुगीर. स्क्रीन आणि कॅमेऱ्याभोवती उंच काठ आहे का बघायचं. फोन टेबलावर पालथा ठेवायचा आणि काचेखालून कागद सरकवायचा. कागद सरकला तर काठ पुरेसा. पारदर्शक टीपीयू उन्हाने पिवळं पडतंच, कितीही ‘पिवळं पडणार नाही’ छापलेलं असो. चामड्याच्या कव्हरवर चार्जरचा गोल वळ उठतो, तो कायमचा समजा.

माहेरवाशीण
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. माझ्या बाबांना पेसमेकर आहे आणि फोन ठेवायची सवय शर्टाच्या डाव्या खिशात. फोन आणि त्याच्या चुंबकी वस्तू अशा यंत्रापासून १५ सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवा, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरपेक्षा, असं ॲपल सांगतं. डॉक्टरांनीही हेच सांगितलं. कव्हरात आणखी चुंबक म्हणजे भर पडणारच. बाबांना कमरेचा पाऊच घेऊन दिलाय. कुरकुर करतात, पण वापरतात.

अल्ट्रावाला
सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्राला चुंबकाचं कव्हर लावलं. चार्जिंग झकास, पण फोनच्या पेनाने स्क्रीनवर लिहायला गेलो की कड्याच्या जागी रेघ तुटते. कव्हर काढलं की रेघ सलग. ज्यांना पेन लागतं त्यांनी आधी कुणाचं तरी कव्हर मागून बघावं.

वास्तुपीडित
आमच्या काकांनी चुंबकाच्या कव्हरातल्या फोनवर होकायंत्र उघडून माझ्या नव्या फ्लॅटचा आग्नेय कोपरा बाथरूममध्ये काढला. काकू हवालदिल. कव्हर काढल्यावर स्वयंपाकघर जागेवर आलं.

नवखा
आयफोन १६ई घेतलाय. त्याच्यासाठी या कव्हराचा उपयोग आहे का?

घर्षण
आहे. १६ईमध्ये वायरलेस चार्जिंग आहे, चुंबकाचं कडं नाही. कव्हरातल्या कड्याने फोन होल्डरला धरेल, चार्जरवर नेमका मधोमध बसेल. पण वेग ७.५ वॉटच राहील, ‘१५ वॉट’ छापलेल्या खोक्याला भुलू नका.

भोसरीकर
वर्कशॉपवाल्यांसाठी. लेथच्या आसपास फोन ठेवला की लोखंडाचा बारीक कीस कड्याभोवती गोळा होतो. मग तो कव्हर आणि चार्जरच्या मध्ये घासला जातो, कव्हर काढता-घालताना आतही शिरतो, आणि फोनच्या पाठीवर गोल ओरखडे उठतात. फडक्याने पुसलं तर कीस नुसता फिरत राहतो, उचलला जात नाही.

तळकोकण
आमच्याकडे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे, लोहयुक्त. पुळणीवर बसून फोन बाजूला ठेवला की तिचे कण तसेच मिशीसारखे उभे राहतात. भोसरीकर, सेलोटेप लावून बघा. पट्टी कड्यावर दाबायची आणि झटक्यात ओढायची, दोन-तीनदा केलं की साफ. फुंकर मात्र मारू नका, कीस चार्जिंगच्या भोकात जातो.