प्रतिसाद: आत्मचरित्रातला ‘मी’ कोणता?

वर प्रश्न आलाय की आत्मचरित्रात लेखकच बोलतो, मग ‘निवेदक’ (मजकुरात सांगणारा आवाज) वेगळा कशाला? कारण तिथे ‘मी’ दोन असतात: दहा वर्षांचा, ज्याने पाहिलं, आणि साठीतला, जो सांगतोय. ‘आज वाटतं’, ‘पुढे कळलं’ अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा, जोड कुठे आहे ते दिसेल. ती चुकली की साठीतलं शहाणपण आपण पोराची साक्ष म्हणून वाचतो.

आपल्या सीमाभागातलं एक बनवलेलं वाक्य घ्या: ‘१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यात राहिलं, आमची चूल मात्र जागची हलली नाही.’ दुसऱ्या स्वल्पविरामापर्यंत माहिती, ती पडताळता येते. पुढे सूर बदलतो. ‘चूल’ला बरेच जण रूपक म्हणतील (अलंकार मार्कांपुरते घोकल्याचा परिणाम!), पण रूपकात उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) एकच मानतात. इथे चूल म्हणजे अख्खा संसार, ही लक्षणा, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाऐवजी त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणं. ‘मात्र’मध्ये किंचित उपरोधही आहे. तो निसटला तर वाक्य नुसती तक्रार वाटतं.

आशय, विषय वगैरे नंतर बघता येईल.