नुसती उतरायचीच नाही, वरून जायचीही परवानगी लागते

एखाद्या देशात सत्तांतर झालं की प्रवासी घटतात आणि तिथली विमानसेवा बंद पडते, असं म्हटलं जातं. खरं आहे, पण अर्धंच. विमान ज्या देशांच्या नुसतं डोक्यावरून जातं, त्यांचा होकारही लागतो.

दक्षिण आफ्रिकेचं बघा. वर्णद्वेषी धोरणामुळे १९६३ पासून बहुतेक आफ्रिकी देशांनी साउथ आफ्रिकन एअरवेजला आपलं आकाश बंद केलं. तिची युरोपला जाणारी विमानं मग आफ्रिका खंडाच्या पश्चिम फुगवट्याला वळसा घालून समुद्रावरून जायची, केप व्हर्डेच्या साल बेटावर इंधन भरायची. हा वळसा न थांबता पार व्हावा म्हणून कंपनीने १९७६ मध्ये बोइंग ७४७ एसपी घेतली. आखूड, हलकं आणि म्हणून लांब पल्ल्याचं विमान! पुढे १९८६ च्या कायद्याने अमेरिकेतही उतरायला बंदी आली. कंपनी तीच, वैमानिक तेच. वर्णभेदाचे कायदे रद्द होऊ लागल्यावर, १९९१ च्या सुमारास, एकेक दार उघडलं. इतकी वर्षं भुर्दंड सोसला तो सरकारच्या धोरणापायी, आणि तो सोसायला लागावा हेच योग्य होतं असं मला वाटतं.

लुफ्तान्सा या पश्चिम जर्मनीच्या विमान कंपनीचंही तसंच. पूर्व जर्मनीने चहूबाजूंनी वेढलेल्या पश्चिम बर्लिनला विमान न्यायला तिला १९९० च्या जर्मन एकीकरणापर्यंत थांबावं लागलं.