मदत हवी आहे : लायसिन-मेथिओनिन वाढवूनही पक्षी वजन घेत नाहीत (अर्जंट)

शेडवाला_विटा
३००० ब्रॉयलर पक्षी, आज २६ वा दिवस. वजन ९५० ग्रॅमच्या वर सरकत नाही. मागच्या बॅचला याच दिवशी १२५० होतं. खाद्यात लायसिन आणि मेथिओनिन ही दोन्ही अमिनो ॲसिडं वाढवली, फरक शून्य. उलट लिटर (शेडमधलं तुसाचं अंथरूण) ओलं व्हायला लागलंय, रोज सकाळी ड्रिंकरखालचं तूस उलथत बसतो. औषधवाला म्हणतो अमिनो ॲसिड आतड्यात शोषलंच जात नाही, एन्झाइम आणि एक लिक्विड घ्या, ३८०० रुपये. घेऊ का? नेमकं सांगा, लांबण लावू नका. पंधरा दिवसांत गाडी भरायची आहे.

बारामतीकर
लांबण नको म्हणता आणि सांगितलं काहीच नाही. खाद्य तयार आणता की घरी दळता? लायसिन टनाला किती होतं, किती केलं? मर किती?

शेडवाला_विटा
घरीच दळतो. सगळे घालतात तेवढंच घालतो. मर नॉर्मल आहे. माझा प्रश्न शोषणाचा आहे, खाद्याचा नाही.

अण्णा_कडेगाव
ही पावडरींची नादच सोडा. लसूण आणि ओली हळद ठेचून पाण्यातून द्या, आठवड्यातून दोनदा शेवग्याचा पाला. माझे पक्षी कसे टुणटुणीत असतात बघायला या.

बारामतीकर
अण्णा, तुमचे पक्षी २०० आणि तेही गावरान. इथं ३००० ब्रॉयलर आहेत. एवढा शेवगा ओरबाडला तर गावात शेंग उरायची नाही.

तासगाव_फीड
डीएल-मेथिओनिन पावडर वापरत असाल तर तिथंच चूक आहे. लिक्विड मेथिओनिनवर या. उन्हाळ्यात तर फारच चांगलं.

बारामतीकर
आलं. पावडर विकणारा म्हणतो लिक्विड पावडरीच्या ६५ टक्केच काम करतं, लिक्विड विकणारा म्हणतो ८८. दोघांचंही ऐकून झालंय माझं. आणि घरच्या छोट्या मिक्सरवर फवारणीचा पंप कोण बसवून देणार, तुम्ही?

तासगाव_फीड
मी विकत नाही, वापरतो. फरक आहे.

मुक्काम_पुणे
एवढी केमिकल्स आणि हार्मोनची इंजेक्शनं देऊन ४० दिवसांत कोंबडी तयार करायची आणि मग विचारायचं काय चुकलं? आम्ही तेच खातो, याचं भान ठेवा.

शेडवाला_विटा
साहेब, ३००० पक्ष्यांना रोज सुई कोण टोचणार? आपण येता का? हार्मोन कुणी देत नाही, वाढ जातीची आहे. आणि मेथिओनिन तुमच्या सकाळच्या अंड्यात पण असतं. विषयावर बोला.

पशुवैद्य_परभणी
एवढं सांगा, मग बोलू.
पूर्ण फॉर्म्युला, मीठ-सोड्यासकट. मागच्या बॅचनंतर त्यात काय बदललं? पाण्यातून काय चालू आहे? मिक्सर केवढा आणि पावडर कधी टाकता? विष्ठेत मक्याचे कण दिसतात का? मेलेला पक्षी उघडला का, लिव्हरचा रंग कसा होता?

शेडवाला_विटा
टनाला किलोत मका ६२०, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) २००, डीडीजीएस (इथेनॉल कारखान्यातला वाळवलेला चोथा) १२०, तेल २०. बाकी डीसीपी, चुनखडी, प्रीमिक्स वगैरे. मीठ साडेतीन किलो. लायसिन ३ होतं ते ५ केलं. मेथिओनिन २ होतं ते ३ केलं. मिक्सर २५० किलोचा, पावडर वरून टाकतो, तीन-चार मिनिटं फिरवतो. पाण्यातून औषधवाल्याचं अमिनो टॉनिक सकाळ-संध्याकाळ. कण दिसतात थोडे. पक्षी उघडला नाही.

बारामतीकर
थांबा. डीडीजीएस? हे आधी का नाही सांगितलं? मक्याचं की तांदळाचं?

शेडवाला_विटा
तांदळाचं. याच बॅचपासून. सोयाचा भाव बघता का तुम्ही? पूर्वी ३२० किलो सोया घालायचो. डीलर म्हणाला प्रोटीन सोयाएवढंच, ४५ टक्के, आणि लायसिन कमी असतं ते पावडरनं भरून काढा. तेच केलं.

तासगाव_फीड
इथेनॉलवाल्यांचा चोथा. सगळीकडे तेच चाललंय आता.

गावरानप्रेमी
मध्येच विचारतो, कावेरी जातीची एक दिवसाची पिल्लं साताऱ्याकडे कुठं मिळतील? ५० हवी आहेत.

पशुवैद्य_परभणी
आता चित्र दिसतंय. औषधवाल्याचं निदान उलटं आहे. पावडरमधलं लायसिन किंवा मेथिओनिन सुटं असतं, त्याला पचायची गरजच नाही. लहान आतड्याच्या वरच्या भागातच जवळजवळ सगळं शोषलं जातं, सोयातल्यापेक्षा लवकर. शोषण होतंय. वापर होत नाहीये.

मांस बांधायला सगळी अमिनो ॲसिडं ठरावीक प्रमाणात एकत्र लागतात. मका-सोयाच्या खाद्यात पहिली कमतरता मेथिओनिनची, दुसरी लायसिनची, तिसरी थ्रिओनिनची. तुम्ही पहिल्या दोन भरल्या आणि १२० किलो सोया काढून तिसरी उघडी पाडली. तुमच्या यादीत थ्रिओनिन नाहीच. जुळणी झाली नाही की उरलेलं पक्षी साठवत नाही. ते मोडून युरिक ॲसिड बनतं, विष्ठेवरचा पांढरा भाग तोच. ते बाहेर टाकायला पक्षी पाणी जास्त पितो. तुमचं तूस तिथून भिजतंय.

शेडवाला_विटा
म्हणजे पैसे घालून लिटर भिजवतोय मी.

पशुवैद्य_परभणी
तसंच. आणखी एक. लायसिन फार झालं की आर्जिनिन या दुसऱ्या अमिनो ॲसिडला मार बसतो. आतड्यातून आत यायचा रस्ता दोघांचा एकच, आणि मूत्रपिंडात आर्जिनिन मोडणारं एन्झाइम वाढतं. माणूस आर्जिनिन स्वतः बनवू शकतो, कोंबडी नाही, तिला ते खाद्यातूनच यावं लागतं. त्यात तुम्ही टॉनिकमधून अजून लायसिन देताय. टॉनिक आजच बंद करा.

दुसरं, तुमची पावडर लायसिन एचसीएल असणार. त्यात लायसिन ७८ टक्के, क्लोरीन १९ टक्क्यांच्या आसपास. पाच किलो लायसिन म्हणजे जवळजवळ एक किलो क्लोरीन, वर मीठ साडेतीन किलो. क्लोरीन फार होतंय, म्हणून मीठ अडीचवर आणा आणि खायचा सोडा दोन किलो घाला.

तासगाव_फीड
डॉक्टर, डीडीजीएस सरसकट वाईट नाही. मी मक्याचं ५ टक्के घालतो, काही होत नाही.

पशुवैद्य_परभणी
वाईट म्हटलंच नाही. पण वाळवताना जास्त तापलं की लायसिन साखरेशी बांधलं जातं. प्रयोगशाळेच्या कागदावर दिसतं, पक्ष्याला मिळत नाही. हातात घेऊन बघा, काळपट आणि करपल्या भाकरीचा वास असेल तर त्यातलं लायसिन धरूच नका. प्रोटीन ४५ म्हणून ते सोया होत नाही.

शेडवाला_विटा
आत्ता पोतं उघडून बघितलं. कॉफीसारखा रंग आहे. पहिला लॉट पिवळसर होता, हा दुसरा. आणि तळाला ढेकळं आहेत, फोडलं तर आत हिरवट.

बारामतीकर
हिरवट!! ते पोतं बाजूला काढा आधी.

पशुवैद्य_परभणी
बुरशी. अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) असेल तर स्वादुपिंडाचे पाचक रस कमी होतात, विष्ठेत कण दिसण्याचं ते एक कारण. कॉक्सीही (आतड्याचा कॉक्सिडिओसिस रोग) असू शकते, म्हणून उद्या जो मरेल तो जवळच्या पशुवैद्याकडून उघडून घ्या. लिव्हर पिवळट, ठिसूळ का ते बघायला सांगा. सगळ्या पोत्यांतलं थोडं थोडं घेऊन किलोभर नमुना लॅबला पाठवा, ढेकळाचाच नको. तोवर डीडीजीएस बंद, सोया ३२० वर, बाकी मका. लायसिन परत ३, मेथिओनिन २, थ्रिओनिन १.
आणि पावडर थेट मिक्सरमध्ये ओतू नका. टबात दहा किलो मक्याच्या भरड्यात हातानं कालवा, मग अर्धा मिक्सर भरल्यावर टाका. नाहीतर एका पोत्यात दुप्पट आणि दुसऱ्यात काहीच नाही.

अण्णा_कडेगाव
हळद बुरशीवर चालते. मी आधीच सांगितलं होतं.

शेडवाला_विटा
अपडेट. टॉनिक बंद केल्याच्या चौथ्या दिवशी ड्रिंकरखालचं तूस मोकळं झालं. नव्या खाद्यावर वजन धरायला लागलेत, पण गेलेलं गेलं. काल ३९ व्या दिवशी १७०० ला गाडी भरली, २००० ची आशा होती. लिव्हर पिवळट निघालं, लॅबचा रिपोर्ट यायचाय. डीलर म्हणतो पोती परत घेणार नाही, तुम्ही ओल्यात ठेवली. एन्झाइम घेतलं नाही. डॉक्टर, पुढच्या बॅचला थ्रिओनिन पहिल्या दिवसापासून घालू का?

पशुवैद्य_परभणी
हो, पण आधी सोयाची पेंड तपासून घ्या. कच्ची राहिली असेल तर पचन बिघडवते, करपली असेल तर डीडीजीएससारखंच. कच्ची आहे का हे सांगणारी युरिएज टेस्ट बहुतेक फीड लॅबमध्ये होते.

गावरानप्रेमी
ती उरलेली डीडीजीएसची पोती विकणार का? माझ्या दोन म्हशी आहेत, त्यांना चालेल. भाव सांगा.

पशुवैद्य_परभणी
अजिबात नको. अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं. रिपोर्ट येईपर्यंत थांबा.

गावरानप्रेमी
बरं. आणि कावेरीच्या पिल्लांचं कुणी सांगितलंच नाही.