मदत हवी आहे: भाजलेले छोले तासाभरात चामट होतात

चिमूटभर_मीठ
मधल्या वेळच्या खाण्यासाठी मसाला छोले भाजायचे आहेत, तळायचे नाहीत. ओव्हनमध्ये २०० अंशांना भाजले. काढले तेव्हा मस्त कुरकुरीत, तासाभरात चामट. वेळ वाढवली की मसाला काळा पडून कडू लागतो. "आधी नीट कोरडे करा" हे सगळीकडे वाचलंय, ते करते आहे, कृपया तेच परत सांगू नका. उद्या संध्याकाळपर्यंत एक डबा भरून हवाय.

निरगाठ
ओव्हन म्हणजे ओटीजी की मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन? छोले डब्यातले की घरी शिजवलेले? किती शिजवलेले? ट्रेमध्ये किती थर? मसाला कधी लावता? हे कळल्याशिवाय सांगायचं काय?

फुर्रर्र
एअर फ्रायर घ्या, विषय संपला. १९० वर १५ ते १८ मिनिटं, दर ५ मिनिटांनी टोपली हलवायची. अर्ध्याहून जास्त भरायची नाही.

निरगाठ
त्यांच्याकडे ओव्हन आहे हो. उद्यापर्यंत यंत्र विकत घ्यायला सांगताय?

चिमूटभर_मीठ
कन्व्हेक्शन मोड. घरीच शिजवले, भाजीला शिजवतो तसे. मसाला तेलातच कालवून आधी लावते. ट्रे भरून.

मापाडी
"भाजीला शिजवतो तसे" आणि "ट्रे भरून", अडचण या दोन्हीत आहे. भाजीचे छोले मऊ लागतात, भाजायचे बोटचेपेच हवेत. ८–१० तास भिजवून कुकरमध्ये एक शिटी झाली की आच बारीक करून ८ ते १० मिनिटं. छोले जुने असले तर जास्त लागतील, म्हणून शिट्ट्या मोजण्यापेक्षा एक दाणा दाबून बघा. चेपला पाहिजे, पण पीठ होऊन पसरता कामा नये, आणि साल शाबूत हवी. साल फाटली की गर पाणी पितो.

मग निथळून सुती कापडावर पसरा, अर्धा तास पंख्याखाली. ट्रेमध्ये एकच थर, दाण्याला दाणा टेकायला नको. गर्दी झाली की सुटलेली वाफ तिथेच कोंडते आणि छोले भाजण्याऐवजी वाफवले जातात. ट्रे खालच्या जाळीवर ठेवा म्हणजे हवा खालूनही फिरते.

सादळ_शत्रू
हे सगळं ठीक, पण तासाभरात चामट म्हणजे हवेतला दमटपणा. गार झाल्या झाल्या हवाबंद डब्यात भरा, बास.

मापाडी
तासाभरात हवा एवढं करत नाही. बाहेरची साल कोरडी आणि गाभा ओला राहिलाय. गार होताना ते पाणी बाहेर सरकतं आणि साल मऊ पडते. असे छोले हवाबंद डब्यात भरले तर आणखी लवकर चामट होतील, कारण पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. दमटपणाचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, डबा सारखा उघडला तर.

एक दाणा काढून गार करा आणि फोडा. आतला भाग नखाला पिठासारखा चिकटला तर झालेला नाही. कडकड तुकडे होऊन भुगा सांडला तर झाला.

खारी_कढई
एवढा खटाटोप कशाला? शिजवूच नका. रात्रभर भिजवून, कापडावर कोरडे करून, जाड बुडाच्या कढईत दोन वाट्या जाडं मीठ चांगलं तापवा आणि त्यात मूठमूठ परता. मिठाची धग सगळ्या बाजूंनी लागते. नंतर चाळून घ्या. तेलाचा थेंब नाही.

निरगाठ
बारीक हरभऱ्याला ठीक. न शिजवलेला मोठा काबुली दाणा असा भाजला की बाहेर डाग पडतात आणि आत खडा राहतो. दाताचं फिलिंग निघेल.

खारी_कढई
आच मध्यम ठेवली आणि हात चालू ठेवला तर राहत नाही.

निरगाठ
मध्यम आचेवर फुटत नाही, मोठ्या आचेवर करपतो. असो. त्यांना शिजवलेल्याचं हवंय.

पौष्टिक_पंडित
कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. शिजवलेल्या १०० ग्रॅम छोल्यांत साधारण १६४ कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं असतात. भाजून पाणी उडालं की वजन निम्म्याच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच वजनात कॅलरी दुपटीहून जास्त. वर तेल वेगळं. पौष्टिक म्हणून वाटीवर वाटी संपवू नये.

फुर्रर्र
कॅलरी विचारल्याच नव्हत्या.

मापाडी
वजनाचा मुद्दा मात्र कामाचा. घड्याळाऐवजी वजनकाटा वापरा. भिजवण्याआधी, कोरडे असताना छोल्यांचं जे वजन होतं, भाजून जवळपास तिथवर परत आलं पाहिजे. २०० ग्रॅम कोरडे शिजून साधारण ४४० होतात. २०० अंशांना २० मिनिटं ठेवा, दर १० मिनिटांनी ट्रे हलवा. रंग आला की उष्णता १२० वर आणून २०० ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत सुकवा. शेवटी ओव्हन बंद करून दार फटीएवढं उघडं ठेवून अर्धा तास आतच.

तिखटजाळ
मसाल्याचं मी सांगते. तिखट आणि लसणाची पूड २०० ला करपणारच. शिजवलेल्या ४४० ग्रॅमला आधी फक्त एक मोठा चमचा तेल आणि अर्धा लहान चमचा बारीक मीठ. ओव्हनमधून काढल्याबरोबर, गरम असतानाच, एक लहान चमचा तेल, एक चमचा तिखट, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, अर्धा चमचा आमचूर, चिमूट हिंग. पूड वस्त्रगाळ हवी, भरड पूड डब्याच्या तळाला जाते. दाणे गार झाल्यावर मसाला चिकटत नाही.

चिमूटभर_मीठ
आमचूर नाहीये. मी काढल्यावर वरून अर्धं लिंबू पिळते, तेवढं चालेल ना?

निरगाठ
हे आत्ता सांगताय!

तिखटजाळ
अहो, सुकवायला तास घालवायचा आणि मग वर पाणी ओतायचं? लिंबूसत्त्व खलात बारीक कुटून चिमूटभर घाला. मसाल्यात आधी मिसळून घ्या, नाहीतर एकच दाणा आंबट लागतो.

नवशिका७
भिजवताना सोडा घालतात ना? आणि राजमा असाच, न शिजवता, एअर फ्रायरमध्ये भाजता येईल का?

निरगाठ
सोडा २०० ग्रॅमला पाव लहान चमचा, त्याहून जास्त नको. साल सुटते आणि साबणासारखी चव येते. भिजवलेलं पाणी फेकून दाणे धुवायचे.

राजमा न शिजवता अजिबात नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन हे विषारी प्रथिन असतं, थोड्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. आधी भिजवून ते पाणी टाका आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा, मग भाजा. मंद आचेवर नुसता कोमट शिजवण्याने भागत नाही.

चिमूटभर_मीठ
आज कमी शिजवले, एकच थर, मसाला बाजूला ठेवलाय. कोरडे मोजायचे राहिले. शिजवलेले ४४० होते, आत्ता २६५. रंग सोनेरी झालाय. काढू?

मापाडी
४४० म्हणजे कोरडे २०० च्या आसपास धरा. अजून ६० ग्रॅमच्या वर पाणी आत आहे, काढू नका. १२० वर ठेवा, दर १५ मिनिटांनी वजन करा. १० मिनिटांत वजन २–३ ग्रॅमच उतरायला लागलं की दाणा फोडून बघा.

चिमूटभर_मीठ
२२८. फोडला, मधे थोडं चिकट आहे अजून.

मापाडी
मग अजून १५–२० मिनिटं. आणि भरायचा डबा आतून कोरडा पुसून ठेवा.

फुर्रर्र
एअर फ्रायरमध्ये एव्हाना झाले असते.