रेड-१ (दोन डिस्कवर तोच डेटा, म्हणजे मिरर) मधलं एकच पार्टिशन बाहेर, मेल आलाच नाही. डिस्क बदलू का?

लूम_ऑफिस
अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल कारखान्याचं ऑफिस. डेबियन १२, चार टीबीच्या दोन साध्या डेस्कटॉप सॅटा डिस्क (एसडीए आणि एसडीबी). प्रत्येकीवर तीन पार्टिशन: पहिलं ईएफआयचं (बूटच्या फाइल्स), दुसऱ्यांचा मिरर एमडी० (रूट), तिसऱ्यांचा एमडी१ (टॅलीचा डेटा, जॅकार्डच्या डिझाइन फाइल्स).

आज एमडीस्टॅट (मिररची स्थिती सांगणारी फाइल) पाहिली. एमडी० ला [२/२] [यूयू] (दोन्ही भाग चालू) आहे, पण एमडी१ ला [२/१] [यू_] आणि एसडीबी३ पुढं (एफ), म्हणजे फेल. एमडीएडीएम --एक्झामिन लावलं तर एसडीए३ चा अपडेट टाइम आत्ताचा, एसडीबी३ चा ११ दिवसांपूर्वीचा. मधल्या काळात मेल एकही नाही. काढून परत जोडलं तर चालेल का? यूपीएस अर्धा तास टिकतो. (कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.)

कन्ना_चौक
आधी काहीच काढू-जोडू नका. ११ दिवस तुमचा डेटा एसडीए या एकाच डिस्कवर आहे. रीबिल्ड म्हणजे तिच्यावरचं तिसरं पार्टिशन पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचणं, आणि जुनी डिस्क मान टाकते ती बहुतेक अशा वेळीच. त्यामुळं आज संध्याकाळी टॅली बंद करून एमडी१ ची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

मग स्मार्टसीटीएल -ए (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) दोन्ही डिस्कना लावा आणि चार आकडे इथं टाका: ५ (बदली दिलेले सेक्टर), १९७ (वाचता न आलेले, निकाल बाकी), १९८ (सुधारता न आलेले), १९९. फक्त १९९ वाढलेला असेल तर तो सीआरसीचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) दोष, म्हणजे डिस्क नाही, सॅटाची वायर किंवा तिचं टोक. वायर बदला आणि --री-अ‍ॅड करा. मिररवर इंटर्नल बिटमॅप (कोणते भाग बदलले याची नोंद) असेल तर ११ दिवसांत बदललेले भागच सिंक होतील, काम मिनिटांत उरकतं. एमडीस्टॅटमध्ये बिटमॅपची ओळ आहे का बघा. १९७ किंवा १९८ शून्य नसेल तर मात्र री-अ‍ॅडच्या नादी लागू नका.

लूम_ऑफिस
एसडीबी: ५ ला ८, १९७ ला २४, १९८ ला २४, १९९ ला ०. एसडीए: चारही शून्य. तापमान ५३ आणि ४९.

रूटवाला
मग डिस्क गेली, वायर निर्दोष. पण २४ खराब सेक्टरवर पूर्ण पार्टिशन बाहेर का पडलं, हे समजून घ्या, नाहीतर नवीन डिस्कही अशीच पडेल.

एमडी (कर्नलमधला मिरर चालवणारा भाग) एरवी शहाणा आहे. एका डिस्कवर सेक्टर वाचता आला नाही तर दुसरीवरून वाचतो आणि पहिलीवर तो परत लिहितो. पण डेस्कटॉप डिस्क एकाच सेक्टरशी दोन-दोन मिनिटं झटत बसते. कर्नल ३० सेकंद थांबतो, मग लिंक रीसेट करतो. डिस्क अजून गप्पच असते, परत लिहिणंही फसतं, आणि एमडी तिला फेल ठरवतो. स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० दिलं की डिस्क ७ सेकंदांत हात वर करते (आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो). वीज गेली की ही सेटिंग पुसली जाते, म्हणून युडेव्हच्या रूलमध्ये (डिस्क दिसताच आपोआप लागू होतो) टाका. डिस्क ही सोयच देत नसेल तर /सिस/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/टाइमआउट मध्ये १८० लिहा.

नवीन डिस्क घेताना एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) नको, रीबिल्डमध्ये रांगते. आणि सेक्टरसंख्या जुनीइतकी किंवा जास्त हवी. पार्टिशन जरा जरी लहान झालं तर --अ‍ॅड सरळ नाही म्हणतं.

कन्ना_चौक
बोर्डवर तिसरा सॅटा पोर्ट मोकळा आहे का? असेल तर जुनी न काढताच नवीन लावा. एमडी० अजून यूयू आहे, तो उगाच लंगडा कशाला करायचा?

नवीन डिस्क एसडीसी धरून. पार्टिशन टेबल: एसजीडिस्क -आर /डेव्ह/एसडीसी /डेव्ह/एसडीए. इथं -आर च्या लगेच पुढं नवीन डिस्क, शेवटी चांगली जुनी, म्हणजे एसडीए. उलट दिलंत तर चांगल्या डिस्कवर कोरं टेबल जाईल. मग एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीसी, नाहीतर दोन्ही डिस्कचे जीयूआयडी (ओळख क्रमांक) सारखेच राहतात.

एमडी० ला एसडीसी२ --अ‍ॅड करा, नंतर --रिप्लेस /डेव्ह/एसडीबी२ --विथ /डेव्ह/एसडीसी२. कॉपी पूर्ण होईपर्यंत जुनं पार्टिशन मिररमध्येच राहतं. एमडी१ ला एसडीबी३ --रिमूव्ह, एसडीसी३ --अ‍ॅड.

चार टीबी १५० एमबीपीएसने (सेकंदाला मेगाबाइट) साडेसात तास, शेवटी वेग निम्मा होतो म्हणून नऊ धरा. रात्री लावा आणि /प्रोक/सिस/डेव्ह/रेड/स्पीड_लिमिट_मिन (रीबिल्डचा किमान वेग) १००० वरून १००००० करा. मध्येच लाइट गेली तर यूपीएस संपायच्या आत नीट शटडाउन करा. रीबिल्ड थांबलं तिथून पुढं सुरू होतं.

डिस्क उपसताना एसडीबी या नावावर जाऊ नका, रीबूटनंतर नावं अदलाबदल होतात. स्मार्टसीटीएल -आय मधला सीरियल नंबर कागदावर लिहा आणि डिस्कच्या लेबलशी ताडून मगच वायर काढा.

होटगी_रोडकर
अण्णा, ईएफआय राहिलं. ते मिररमध्ये नाही, त्यामुळं एसडीसी१ रिकामंच आहे. फॅट३२ फॉरमॅट करा, एसडीए१ वरचं सगळं त्यात कॉपी करा, ईएफआयबूटएमजीआरने दुसरी एंट्री करा. एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय जोडायचं ती यादी) त्या ओळीला नोफेल घाला, नाहीतर एसडीए गेल्या दिवशी बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल. मग बूट मेन्यूतून एकदा दुसऱ्या डिस्कवरून चालू करून बघा.

आता मेल. एमडीएडीएम.कॉन्फ मध्ये मेलअ‍ॅडर बहुधा रूट असेल आणि मशीनवर मेल बाहेर नेणारं काही नसेल. पूर्ण पत्ता लिहा, एमएसएमटीपी किंवा पोस्टफिक्सचा रिले लावा, मग एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट. प्रत्येक मिररमागं एक मेल यायला हवा, स्पॅममध्येही बघा. तसंच स्मार्टडी.कॉन्फ मध्ये (स्मार्टडी डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवतो) -एम टेस्ट. १९७ वाढल्याचा मेल तो देतो, एमडी नाही.

डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी मिररची पूर्ण तपासणी करतं, ती बंद केली नाहीये ना बघा. नंतर मिसमॅच_सीएनटी (दोन डिस्कमधल्या फरकाचा आकडा) वाचा. मिररवर स्वॅप असेल तर थोडा आकडा येतो, तो निरुपद्रवी.

आणि ५३ अंश? आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं हे मान्य, पण पुढच्या जाळीवर टॉवेलचं तूस बसलं असणार. ब्लोअर आतून बाहेर मारा, पंखा बोटानं धरून. दोन डिस्क एकमेकींना चिकटून असतील तर मधला एक खण मोकळा ठेवा.

लूम_ऑफिस
मेलअ‍ॅडर रूटच होता. बॅकअप झाला, बिटमॅपची ओळ आहे, तिसरा पोर्टही मोकळा आहे. रिले लावल्यावर टेस्टचे दोन मेल आले, दोन्ही स्पॅममध्ये. एमडी० चं रिप्लेस झालं, एमडी१ रात्री ९ ला लावलंय, आत्ता ६ टक्के, १६२ एमबीपीएस. जाळीवरचं तूस मात्र बोटभर होतं.